शून्य अडखळ

संध्याकाळी पाच वाजता रणजित मगदूम घराबाहेर पडले, तेव्हा त्यांच्या दारातला रस्ता कालच्यापेक्षा थोडा डावीकडे वळलेला होता. काल जिथे बाक होता तिथे आज कडुलिंबाची मोठी कुंडी आली होती, आणि बाक पलीकडे सावलीत जाऊन बसला होता. शिरगड शहरात याचं कुणाला नवल वाटत नसे. रणजितरावांचं वय चौऱ्याहत्तर, उजवा गुडघा जरा कुरकुरणारा. रस्त्याला ते माहीत होतं. त्यांच्या वाटेवर चढ आला तरी तो त्या गुडघ्याला सोसेल एवढाच असे.

ते रस्त्याच्या कलाने चालत मारुती चौकातल्या शेलारांच्या हॉटेलात पोहोचले. कोपऱ्यातल्या टेबलावर एक रिकामा कप होता. रणजितरावांनी त्याला हात लावून पाहिला. कप गरम होता.

“आत्ताच उठले की तुमचे दादा,” शेलार गल्ल्यावरून म्हणाले. “पाच मिनिटं आधी आला असतासा तर गाठ पडली असती.”

“काल दहा मिनिटं आधी आलो हुतो,” रणजितराव म्हणाले. “तवा तो दहा मिनिटं उशिरा आला.”

शेलार हसले. रणजितराव हसले नाहीत.

शिरगडच्या रस्त्यांचं सरकारी नाव होतं ‘पदानुसारी मार्गरचना’. असली नावं फक्त उद्घाटनाच्या दगडावर टिकतात. लोक त्यांना ‘शहाणे रस्ते’ म्हणत, आणि आपल्याकडे ‘शहाणा’ हा शब्द जितक्या कौतुकाने वापरतात तितक्याच तिरकसपणेही वापरतात, हे वेगळं सांगायला नको.

कल्पना मुळात साधी होती. कुठल्याही गावात एक मोकळं मैदान ठेवा आणि त्याच्या कडेने छान फरसबंद रस्ता करा. वर्षभरात मैदानातून एक तिरकी पायवाट पडलेली दिसेल. इंजिनिअरने काढलेला रस्ता आणि माणसांना हवा असलेला रस्ता यांचं जमत नाही, ते असं. शेकडो वर्षं शहरं बांधणारे लोक त्या पायवाटेवर काटेरी कुंपण घालत आले. शिरगडच्या शास्त्रज्ञांनी उलटं केलं. त्यांनी पायवाटेलाच रस्ता मानलं.

मोटारी शहराबाहेरच्या वळणावर थांबवल्या. आतल्या सगळ्या रस्त्यांवर षटकोनी फरश्या बसवल्या. प्रत्येक फरशीखाली पाण्याची पिशवी होती. पाणी भरलं की फरशी वर येई, सोडलं की खाली जाई, आणि चहाला उकळी यायला लागतो तेवढ्या वेळात सपाट जमिनीचा मांडीइतका उंच कठडा होऊ शके. कुंड्या, बाक, सावलीची छतं यांनाही फरश्याच वर-खाली होत हळूहळू सरकवत. शिवाय प्रत्येक फरशी तिच्यावर पडणारं पाऊल वाचत असे. प्रत्येकाची चाल वेगळी असते. टाच किती जोरात टेकते, अंगठा किती वेळ रेटतो, दोन पावलांत किती अंतर पडतं, यावरून रस्ता माणूस ओळखत असे. नाव नव्हे, फक्त चाल. याला म्हणत पाऊलवाचन.

आणि पाऊल वाचून रस्ता शोधायचा ती ‘अडखळ’. चालता चालता पाऊल जेवढा वेळ थबकतं किंवा तालाबाहेर जातं, तेवढी अडखळ. खड्डा आला की अडखळ, भुंकणारं कुत्रं आलं की अडखळ, ऊन लागलं, चढ लागला, समोरून सायकल अंगावर आली की अडखळ. सगळ्या शहराच्या अडखळींची रोज बेरीज करायची आणि ती दुसऱ्या दिवशी थोडी कमी करायची, एवढं एकच काम रस्त्याला सांगितलेलं होतं. कसं करायचं, ते त्याचं त्याने शिकायचं.

तो शिकला, आणि झकास शिकला. आठ वर्षांत अपघात जवळजवळ संपले. पहिलीतली पोरं एकटी शाळेत जाऊ लागली. अंथरुणाला खिळतील असं डॉक्टरांनी सांगितलेले म्हातारे सकाळ-संध्याकाळ फिरू लागले. दुकानदारांचा धंदा वाढला. रस्त्यावरची भांडणंसुद्धा इतकी कमी झाली की पोलिसांना दुपारी झोप येई. राहायला सर्वांत सुखाचं शहर म्हणून शिरगडचं नाव देशभर झालं. बाहेरगावचे पाहुणे आले की हमखास म्हणत, इथं चालताना चालतोय असं वाटतच नाही.

या सगळ्यामागे ज्यांचं डोकं होतं त्या डॉ. शरयू बिरनाळे यांच्यासमोर दुसऱ्या दिवशी सकाळी रणजित मगदूम जाऊन बसले. दसऱ्याला नऊ दिवस उरले होते.

“मॅडम, तुमचा रस्ता मला माझ्या भावाला भेटू देत न्हाई.”

शरयूने बऱ्याच तक्रारी ऐकल्या होत्या. रस्त्याने आमची सावली शेजाऱ्याच्या दारात नेली, रस्ता आमच्या सुनेला माहेरच्या बाजूला वळवतो, वगैरे. ही नवी होती. एक्केचाळिसाव्या वर्षी नाव कमावलेल्या माणसाकडे असतो तेवढा धीर तिच्याकडे होता. तिने दोघांसाठी चहा मागवला.

“काका, भावाच्या घरी जा ना. रस्ता दारापर्यंत नेऊन सोडेल.”

“घरी जाता येत न्हाई.”

मग त्यांनी सांगितलं. थोरल्या भावाचं नाव धैर्यशील. त्याच्या घरापुढे काळ्या दगडाचा कट्टा होता. संध्याकाळी आठ-दहा माणसं तिथं बसायची, दूध काढून येणारे, पेठेतले, तालमीतले. आठ वर्षांपूर्वी शहाण्या रस्त्याची आखणी झाली तेव्हा तो कट्टा दोन हातांनी रस्त्यात येत होता. वॉर्डसभेत मतदान झालं. सभेचे अध्यक्ष होते रणजित मगदूम. त्यांनी कट्टा पाडायच्या बाजूने हात वर केला.

“चुकीचं न्हवतं मॅडम ते. आजबी मी हात वर करीन. पण भर सभेत दादा उठला आणि म्हणाला, पुन्हा माझी पायरी चढायची न्हाई.”

“पायरी तर कट्ट्याबरोबर पाडली ना आपण?”

“पायरी गेली. शब्द हाय न्हवं?”

“फोन?”

“उचलत न्हाई. आणि मला सोनं द्यायचंय त्याला. शिलंगणाचं सोनं फोनवरनं देता येतंय व्हय?”

दसऱ्याला शिरगडची माणसं मैदानावर शिलंगणाला जातात आणि परतताना वाटेत भेटेल त्याला आपट्याची पानं देतात. धाकट्याने थोरल्याच्या हातात सोनं ठेवायचं आणि पाया पडायचं. त्या दिवशी दिलेलं सोनं कुणी परत करत नाही. वर्षानुवर्षं न बोललेली माणसंसुद्धा ते घेतात. गावात मोडलेली कितीतरी नाती अशी एका पानावर जुळलेली होती.

“मी मनाशी ठरवलेलं,” रणजितराव म्हणाले, “घरी जाणार न्हाई, पण रस्त्यात गाठ पडली की सोनं द्यायचं. रस्ता काय कुणाची पायरी न्हाई. आमच्यात दोन गल्ल्यांचं अंतर. आठ दसरे गेले. दसऱ्याला एकदाबी गाठ पडली न्हाई. आणि आता हा दसरा झाला की तो बेंगळुरूला लेकीकडं निघालाय. कायमचा. एकोणऐंशी वर्षांचा हाय तो मॅडम. पुढचा दसरा कुणी बघितलाय?”

“काका, योगायोग असेल.”

“माझं पंपांच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान हुतं. चाळीस वर्षं. जळालेली मोटार आली की आम्ही योगायोग म्हणत न्हाई. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं, कुठं बिघाड हाय ते.”

त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून टेबलावर पसरलं. महिनाभर त्यांनी रोज एकच गोष्ट बदलली होती. वेळ बदलली, गल्ली बदलली, छत्री घेतली, छत्री ठेवली. भाऊ भेटला नाही. अठराव्या दिवशी त्यांनी उजव्या चपलेत खडा घातला.

“आणि?” शरयू पुढे सरकली.

“दादा दिसला. गल्लीच्या तोंडाला, पाठमोरा. लंगडत जाऊस्तोवर वळला. दुसऱ्या दिवशी परत खडा घालून गेलो, तर रस्त्यानं मला ओळखलंच.”

शरयूचा चहा तसाच राहिला. खड्याने चाल बदलते. चाल बदलली की एक दिवस रस्त्याच्या दृष्टीने तो माणूस नवा. या म्हाताऱ्याने चपलेतल्या एका खड्याने तिच्या यंत्रणेची अशी तपासणी केली होती, जी तिच्या बावीस जणांच्या कक्षाला आठ वर्षांत सुचली नव्हती. तिला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली.

“मला दोन दिवस द्या,” ती म्हणाली.

दोन दिवस लागले नाहीत. रणजितरावांना काचेच्या पट्टीवरून दहा पावलं चालायला लावून तिने त्यांची चाल घेतली. धैर्यशीलराव रोज शेलारांच्या हॉटेलातून उठून रस्त्यावर येत, त्या पावलांवरून त्यांची चाल सापडली. मग तिने आठ वर्षांच्या नोंदी उलगडल्या.

दोन्ही भाऊ सहाशे अकरा वेळा एकमेकांपासून तीस मीटरच्या आत आले होते. सहाशे दहा वेळा ऐन वेळी कुठे कुंडी सरकली, कुठे उतार जरा सोपा झाला, कुठे सावली पसरली, आणि एक डावीकडे गेला, दुसरा उजवीकडे. फक्त पहिल्या वेळी ते समोरासमोर आले होते. तेव्हा रस्ता सुरू होऊन तेरा दिवस झाले होते. त्या दिवशी मारुती चौकात दोघांची पावलं एकाच क्षणी थांबली होती. चार सेकंद. मग दोघं आपापल्या वाटेने गेले होते.

तिसऱ्या दिवशी तिने रणजितरावांना बोलावून हे सगळं पडद्यावर दाखवलं.

“चार सेकंद ही फार मोठी अडखळ, काका. खड्ड्यातसुद्धा एवढी नसते. रस्त्याने बघितलं, हा माणूस समोर आला की या माणसाची अडखळ वाढते. मग त्याने जे उन्हाचं आणि कुत्र्याचं केलं, तेच केलं. वाटेतून बाजूला केलं.”

“म्हंजे रस्त्याला वाटलं, मला दादा नको?”

“रस्त्याला वाटत काही नाही. पाय थबकले, एवढंच त्याला कळतं.”

रणजितरावांनी पडद्यावरच्या त्या दोन थांबलेल्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. “मॅडम, माझे पाय थबकले, कारण मला त्याच्या पाया पडावंसं वाटलेलं. भर चौकात. धीर झाला न्हाई.”

शरयूला आता चूक दिसली. नकोसं माणूस दिसलं की छाती धडधडते आणि पाऊल चुकतं. फार हवंसं माणूस दिसलं तरी तेच होतं. पायांच्या भाषेत या दोन गोष्टींना एकच अक्षर होतं, आणि ते अक्षर रस्त्याने खोडून टाकायचं असं तिनेच त्याला शिकवलं होतं.

ती म्हणाली, “चूक माझी आहे. आणि चूक सापडली म्हणजे निम्मं काम झालं.”

हे ती नुसतं धीर द्यायला बोलली नव्हती. तिचा स्वभावच तसा होता. एका माणसापुरता रस्ता बदलता येत नव्हता. चालींना नावं नव्हती आणि सगळ्या शहराचं गणित एकच होतं. पण चाचणीसाठी रस्ता दोन तास बंद ठेवायचा अधिकार तिला होता. तिने दसऱ्याची संध्याकाळ मागून घेतली, चार ते सहा. त्या दोन तासांत सगळे रस्ते सपाट राहतील, कुणाला कुठे वळवणार नाहीत. दोन गल्ल्यांत राहणारे दोन भाऊ, सगळं गाव रस्त्यावर, हातात सोनं. बाकीचं आपोआप होईल याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

परवानगीच्या अर्जासाठी तिने आणखी एक आकडा काढला. शहरात अशा किती जोड्या रस्त्याने एकमेकांपासून दूर ठेवल्या होत्या? आकडा आला त्रेचाळीस हजार. सहज म्हणून तिने स्वतःची चाल घातली. नऊ. तिच्या वाटेतून रस्ता नऊ माणसं बाजूला करत होता. कोण, ते रस्ता सांगू शकत नव्हता. वेळ मिळाला की आठवून बघू, असं म्हणून तिने पडदा मिटला आणि अर्ज लिहायला घेतला.

दसऱ्याच्या दिवशी बरोबर चार वाजता शिरगडच्या फरश्या खाली बसल्या. आठ वर्षांनी रस्ता फक्त रस्ता झाला.

पहिली पंधरा मिनिटं गंमतच झाली. लोकांना सपाट जमिनीवर चालता येईना. माणसं एकमेकांना धडकली, माफी मागू लागली, हसू लागली. मग हसू कमी झालं. मारुती चौकात दोन शेजारी सामायिक भिंतीवरून सहा वर्षांपूर्वी जिथे थांबले होते तिथूनच पुढे भांडू लागले. एक बाई एका मुलीला बघून मटकन खालीच बसली. बऱ्याच जणांनी मात्र पानं खिशात तशीच ठेवून खाली बघत वाट काढली.

शरयू चौकाच्या कडेला हातातल्या छोट्या पडद्यावर दोन ठिपके बघत उभी होती. रणजितराव शेलारांच्या दारात उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात आपट्याची जुडी. साडेपाचला मैदानाच्या बाजूने धैर्यशीलराव आले. पांढरी टोपी, काठी, सोबत कुणी नाही. पन्नास पावलं अंतर. चाळीस. वाटेत कुंडी नव्हती, उतार नव्हता. तीस पावलांवर थोरल्याने मान वर केली. धाकट्याने त्याला बघितलं.

तेवढ्यात मधून लेझीमवाल्यांची रांग गेली. ती सरली तेव्हा शेलारांच्या दारात कुणी नव्हतं.

तिने पडद्यावर बघितलं आणि धावत कासार गल्लीत शिरली. रणजितराव गल्लीच्या मध्यावर उभे होते. सोनं हातातच होतं. चेहरा रागाने लाल झाला होता.

“रस्ता परत चालू केलासा व्हय मॅडम? ऐन वक्ताला?”

“नाही काका.”

“मग मी हितं कसा आलो? वळवलं मला त्यानं!”

“काका, सहाला अजून पंचवीस मिनिटं आहेत. रस्ता बंद आहे.”

रणजितरावांनी खाली बघितलं. फरश्या सपाट होत्या, इकडून तिकडून सारख्या. मग त्यांनी आपल्या पायांकडे बघितलं, दुसऱ्या कुणाचे पाय बघावेत तसं.

शरयूला त्या क्षणी जे कळलं ते तिच्या कुठल्याही गणितात नव्हतं. रस्ता पायांकडून शिकत होता हे तिला माहीत होतं. पण आठ वर्षं पायही रस्त्याकडून शिकत होते. अवघड माणूस समोर आलं की सोपी वाट असतेच, हे पायांना इतकं पक्कं ठाऊक झालं होतं की आता रस्त्याने वळवायची गरजच उरली नव्हती. तिला भीती वाटली, आणि रणजितरावांची कीव आली, आणि स्वतःचा संताप आला.

“म्हंजे मीच वळलो,” रणजितराव हळू म्हणाले. “आणि आठ वर्षं रस्त्याला शिव्या देतोय.”

“काका, अजून वेळ आहे. ते हळू चालतात.”

“पाय उचलंना मॅडम. अडलेल्या मोटारीचा शाफ्ट हातानं फिरवतात तसं तुमी फिरवा की मला. त्याच्याकडं वळवा. एवढं शिकवलंसा रस्त्याला, एवढं न्हाई येत?”

“नाही येत,” शरयू म्हणाली. “त्याला फक्त सोपं करता येतं.”

ते तिथेच उभे राहिले. एक लहान मुलगी येऊन त्यांच्या हातात सोनं ठेवून गेली, तेही त्यांना कळलं नाही. सहाला आठ मिनिटं असताना त्यांनी उजवा पाय उचलला, दुखरा. टेकवला. थांबले. डावा उचलला. शरयूच्या पडद्यावर त्यांच्या ठिपक्याजवळचा अडखळीचा आकडा चढू लागला. सेकंद, दीड, अडीच. तो आकडा खाली आणण्यासाठी तिने आयुष्याची पंधरा वर्षं घातली होती. आज तो वाढावा म्हणून ती मनातल्या मनात म्हाताऱ्याला रेटत होती.

ते चौकात आले. धैर्यशीलराव वाटेत भेटेल त्याचं सोनं घेत आत्ता कुठे पुढच्या रस्त्याला लागले होते, घराच्या दिशेने. “जरा पाय उचला काका,” शरयू मागून म्हणाली. आणि सहा वाजले.

मुदत वाढवून घ्यायला महापौरांची सही हवी होती, आणि महापौर मैदानावर सोनं वाटत होते. फरश्यांखाली पाणी भरल्याचा आवाज आला. रस्त्याला दोन तासांचं काम साचलं होतं, आणि त्यातलं सर्वांत मोठं काम त्याच्या समोरच होतं. दोन भावांच्या मधल्या फरश्या वर येऊ लागल्या. वीतभर, दोन वीत. डावीकडे कासार गल्लीत जाणारा उतार मऊ आणि सोपा झाला. धैर्यशीलरावांच्या पायाखालचा रस्ताही घराकडे हलकासा उतरला.

रणजितराव उतारापाशी थांबले. मग त्यांनी सोन्याची जुडी दातांत धरली, दोन्ही हात वर आलेल्या फरशीवर टेकले आणि चढू लागले. फरशी अजून वर येत होती. त्यांनी गुडघा टेकला, तो घसरला, पुन्हा टेकला. बघणारी माणसं ओरडली. शिरगडमध्ये आठ वर्षांत कुणी रस्ता चढताना दिसलं नव्हतं.

ओरडा ऐकून धैर्यशीलरावांनी मागे वळून बघितलं.

“अरे रण्या! पडशील की रं!”

आठ वर्षांतला हा पहिला शब्द. थोरल्याने काठी टाकली, उतार सोडला आणि मागे फिरून चढत आला. त्याने धाकट्याला काखेत हात घालून वर ओढलं. बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून दोघं वर आलेल्या फरशीवरच टेकले.

“गुडघा दाखव. फुटलाय का?”

रणजितरावांनी दातांतली पानं काढून त्याच्या हातात ठेवली. ती ओली झाली होती, चुरगळली होती. “दादा, सोनं घे.” पाया पडायला ते वाकले, तर गुडघ्यामुळे वाकता येईना. धैर्यशीलरावांनी त्यांचा खांदा धरला.

“मला वाटायचं, तू मला बघून वळतोस.”

“मलाबी वाटायचं, तू वळतोस.”

दोघं रडत होते आणि कुणाला त्याची लाज वाटत नव्हती. शरयू लांब उभी होती. फरशी आता पुरती वर आली होती, आणि तिची उंची जुन्या दगडी कट्ट्याएवढी दिसत होती. ते तिच्या लक्षात आलं, आणि तिलाही रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याचा रोजचा अहवाल तिच्या पडद्यावर होता. चाचणीच्या दोन तासांत, दूर ठेवलेल्या जोड्यांपैकी पाच हजारांवर जोड्या एकमेकांच्या तीस मीटरच्या आत आल्या होत्या. रस्ता बंद होता. कुणालाही कुणी वळवलेलं नव्हतं. तरी समोरासमोर आल्या त्या दोनशे बारा. बाकीच्या सगळ्या आपल्या पायांनी वळल्या होत्या. शिवाय एकतीस हजार नागरिकांनी लिहून कळवलं होतं की रस्ता पुन्हा कधीही बंद ठेवू नये. त्यांचा दसरा फार अवघड गेला होता.

शेवटच्या ओळीत रस्त्याने आपली सर्वांत मोठी नोंद दिली होती. मारुती चौक, संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटं. दोन व्यक्ती. अडखळ, सत्तावीस मिनिटं. शहराच्या इतिहासातील सर्वाधिक. दुरुस्ती करण्यात आली आहे.

धैर्यशीलरावांनी बेंगळुरूचं तिकीट चार दिवस पुढे ढकललं होतं, आणि रणजितराव सकाळीच त्यांच्या घरी गेले होते, नसलेली पायरी चढून. त्यांची शरयूला आता काळजी नव्हती. त्यांना वाट माहीत झाली होती.

दुपारी ती कक्षाबाहेर पडली. रस्ता डावीकडे, सावलीत, अगदी अलगद वळत होता. उजवीकडे फरश्या बोटभर वर आलेल्या होत्या, सहसा लक्षात येणार नाहीत इतक्या. म्हणजे त्या बाजूला आत्ता कुणीतरी होतं. तिच्या नऊ माणसांपैकी एक.

ती उभी राहिली आणि बोटांवर मोजू लागली. कॉलेजातली मैत्रीण. जुन्या घराशेजारच्या काकू. ज्यांच्याकडून ती पहिल्यांदा रस्ते शिकली ते सर. धाकटा मामा. मग तिचं बोट थांबलं. उरलेले पाच कोण, ते तिला काही केल्या आठवेना.